सामाईक भिंतीतली वाळवी

जयपूरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये अकरा वर्षं काढल्यावर आम्ही प्रताप नगरात हाउसिंग बोर्डाचं घर घेतलं. कुणीतरी राहून सोडलेलं, बैठं, वर गच्ची असलेलं. पुढे स्कूटर आणि चार कुंड्या मावतील एवढं अंगण, मागे मोरी, आणि डाव्या बाजूची भिंत शेजारच्या घराशी सामाईक. माझे यजमान मालगाडीवर गार्ड. ड्यूटी कधी लागेल आणि कधी सुटेल याचा नेम नाही. मुलगी शाळा आणि कोचिंगमध्ये. त्यामुळे घरात जे काही निघेल, ते माझ्या वाट्याला.

आणि निघायचं पुष्कळ. होळी झाली की लाल मुंग्या यायच्या, त्या थेट कणकेच्या डब्यात. मे महिन्यात कूलर सुरू केला की त्याच्या पाण्यात डासांची अंडी. अर्ध्या कोसावरून एक नदी वाहते, तिला इथले लोक अजून नालाच म्हणतात. पाऊस पडला की तिकडून चिलटांचे थवे यायचे आणि रात्रीच्या भाजीत पडायचे. मोरीच्या जाळीतून झुरळं. थंडी पडली की उंदीर. जळगावकडे माझ्या माहेरीही उंदीर होतेच, पण तिथे घरात नऊ माणसं होती. कुणी पिंजरा लावायचं, कुणी तो लांब नेऊन सोडायचं, कुणी नुसतं ओरडायचं. इथे तिन्ही कामं मीच करत होते.

तिसऱ्या वर्षी उंदरांनी कपडे धुण्याच्या मशीनचा पाइप कुरतडला आणि सगळ्या घरात पाणी झालं. पिंजऱ्यात चिचुंद्र्या सापडायच्या, मोठे उंदीर मात्र शहाणे झाले होते. मी बाजारातून उंदीर मारायच्या गोळ्या आणल्या, कणकेत मळल्या आणि मागच्या कठड्यावर ओळीने ठेवून दिल्या.

शेजारच्या घरात एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहायच्या. सरकारी प्राथमिक शाळेत त्यांनी तीस-बत्तीस वर्षं शिकवलं होतं. सगळी गल्ली त्यांना ‘बहनजी’ म्हणायची. सत्तरीच्या पुढच्या, ताठ, कडक इस्त्रीची सुती साडी. यजमान वारलेले, मुलगा बंगळुरूला. त्यांच्याकडे एक भुरकट मांजर यायचं. पाळलेलं असं नव्हतं, पण दुपारी चार वाजता बहनजी दुधाची वाटी पायरीवर ठेवायच्या आणि ते हजर व्हायचं.

गोळ्या ठेवल्याच्या तिसऱ्या दिवशी ते मांजर त्यांच्या पायरीपाशी मरून पडलं. तोंडाला फेस होता. मी अंगणातून पाहिलं. बहनजींनी स्वतः खुरप्याने पुढच्या कडुलिंबाखाली खड्डा खणला. मग हात न धुता त्या आमच्या अंगणापाशी आल्या.

“तुमने कुछ डाला था क्या?”

“नहीं तो,” मी म्हणाले.

का म्हणाले, ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्यांचे हात मातीने भरलेले होते, एवढंच दिसत होतं. “हो” म्हटल्यावर पुढे काय बोलायचं ते सुचत नव्हतं, म्हणून “नाही” म्हणाले. त्या वळून आत गेल्या. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं. संक्रांतीला त्यांच्याकडून फिणी या इथल्या मिठाईचं ताट यायचं, तेही थांबलं. तीन वर्षं एका भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही राहिलो आणि मला फक्त त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या.

वाळवी निघाली ते मुलीचं बारावीचं वर्ष होतं. माझं रक्त फार कमी झालं होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि वर “आराम करा” असंही सांगितलं होतं, जसं काही तेही मेडिकलच्या दुकानात मिळतं. सकाळचं आवरलं की मी पलंगाच्या कडेला बसायची आणि उठायचं मनावर घ्यायला अर्धा तास लागायचा. अशीच बसलेली असताना बेडरूमच्या पडद्यामागे मातीची एक रेघ दिसली. पेन्सिलीएवढी जाड, जमिनीपासून दाराच्या चौकटीपर्यंत चढलेली. मी ओल्या फडक्याने पुसून टाकली. चार दिवसांनी ती पुन्हा तिथेच होती. मग रॉकेलचा बोळा फिरवला. आठवडाभर काही दिसलं नाही आणि मी विषय सोडून दिला. तेव्हाच माणूस बोलवायला हवा होता. पण माणूस बोलवायचा म्हणजे पलंग सरकवा, कपाट रिकामं करा, धूळ झाडा. तेवढा जोर माझ्यात नव्हता.

परीक्षा संपल्यावर एका सकाळी मुलगी घाईत बेडरूमचं दार ओढून निघाली आणि कडी कोयंड्यासकट तिच्या हातात आली. स्क्रूच्या भोकातून मूठभर माती खाली सांडली. तिने चौकटीत बोट घातलं तर ते पेरापर्यंत आत गेलं.

“मम्मी, हे तर आतून... मतलब, लकडी आहेच नाही इथे! नुसता रंग आहे!”

खरंच, रंगाचा पापुद्रा तेवढा उभा होता. आत मातीच्या गल्ल्या आणि त्यांत तांदळाच्या कणीसारखे पांढरे जीव, उजेड पडला तसे पळायला लागलेले. मुलगी किंचाळत मागे सरली. मी तिथेच जमिनीवर बसले. मला किळस नाही आली, भीती नाही वाटली. फक्त वाटलं, हेही आता मीच.

औषध मारणारा माणूस शहरातल्याच सोडाला भागातून आला. साठीचा, गुडघे धरून बसणारा. पूर्वी तो सुतार होता. “आधी चौकटी बनवायचो, आता चौकटी खाणाऱ्यांच्या मागे लागलोय,” असं त्याने हिंदीत सांगितलं आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने भिंतीवर ठोकत गेला. चौकटीवर, तिच्या शेजारी, मग वर. प्रत्येक ठिकाणी कान लावून ऐकायचा. शेवटी उठला आणि म्हणाला, “मैडम, ये आपके घर की है ही नहीं. उधर से आ रही है.”

त्याने हात सामाईक भिंतीकडे केला होता.

त्याचं म्हणणं सरळ होतं. भिंत एक आहे. या बाजूने भोकं पाडून औषध ओतलं तर वाळवी थोडे दिवस पलीकडे सरकेल आणि दुसऱ्या वाटेने परत येईल. दोन्ही घरांत एकाच वेळी करायला हवं.

“पलीकडचे तयार होतील?” त्याने विचारलं.

मी म्हणाले, “विचारते.”

विचारायला जायला मला चार दिवस लागले. शेवटी एका संध्याकाळी गेले. बहनजींनी जाळीचं दार उघडलं नाही. जाळीच्या आतून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी वाळवी, भिंत, औषध असं सगळं एका दमात सांगितलं.

“दवाई?” त्या म्हणाल्या. “तुम्हारी दवाई मैंने देखी हुई है.”

आणि आतलं लाकडी दार लावून घेतलं.

मग यजमान एकदा जाऊन आले. त्यांच्याशी त्या सौम्यपणे बोलल्या, पण उत्तर तेच. घरात एकटी बाई आहे, अनोळखी माणसाला आत घेणार नाही, आणि माझ्याकडे वाळवी नाहीच. यजमान म्हणाले, “अगं, म्हातारं माणूस आहे, जाऊ दे. आपण आपल्या बाजूने करून घेऊ.” त्यांना दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी घेऊन फुलेऱ्याकडे जायचं होतं.

आम्ही आमच्या बाजूने करून घेतलं. भिंतीच्या पायाशी वीत-वीत अंतरावर भोकं, भोकांत औषध, वर पांढऱ्या सिमेंटची बुजवण. चौकट काढून लोखंडी बसवली. दोन दिवस घरात असा वास होता की पोळीलासुद्धा तो लागला. मी पलंग सरकवला, कपाटं रिकामी केली, पुन्हा भरली. दोन महिने बरे गेले. मग जुलैत स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर, जिथे लाकूड नावालाही नाही तिथे, मातीची रेघ उतरताना दिसली. मुलीच्या जुन्या पुस्तकांच्या खोक्याकडे निघाली होती. मी तिच्याकडे बघत उभी राहिले. पुसली नाही. एक अख्खा दिवस मी ती तशीच राहू दिली.

ऑगस्टमधली गोष्ट. सकाळचे अकरा वाजले असतील. मी डाळ निवडत होते आणि भिंतीच्या पलीकडे काहीतरी प्रचंड आवाज करत कोसळलं. आधी लाकडाचा, मग भांड्यांचा, मग एकच ताट बराच वेळ गरगरत राहिल्याचा. त्यानंतर काहीच नाही. मी हाक मारली, “बहनजी!” उत्तर नाही. पदर खोचला आणि धावत गेले. जाळीचं दार आतून लावलेलं होतं. मी जोराने हलवत राहिले. बऱ्याच वेळाने त्या आल्या. कडी काढताना त्यांची बोटं घसरत होती. केसांवर, खांद्यांवर सगळी माती.

“कुछ नहीं हुआ,” त्या म्हणाल्या आणि तिथेच उंबऱ्यावर बसल्या.

आतल्या खोलीत भिंतीतलं लाकडी कपाट होतं, बरोबर आमच्या बेडरूमच्या पाठीला. त्याच्या तिन्ही फळ्या एकीवर एक कोसळल्या होत्या. पितळी भांडी, फाइली, गाठोडी यांचा ढीग जमिनीवर. बहनजी वरच्या फळीवरून काहीतरी काढायला स्टुलावर चढल्या होत्या. फळीला धरलं आणि फळी हातात आली. नशीब, त्या स्टुलाच्या दुसऱ्या बाजूला पडल्या. कोपरावर खरचटण्यापलीकडे लागलं नव्हतं. मी भिंतीकडे पाहिलं. जमिनीपासून छतापर्यंत मातीच्या रेघा पसरल्या होत्या, झाडाला फांद्या फुटाव्यात तशा. काही वाळलेल्या, काही ताज्या ओल्या. हे काल-परवाचं नव्हतं. हे वर्षानुवर्षांचं होतं.

मी पाणी आणून दिलं. त्यांनी पेला दोन्ही हातांनी धरला.

“आपको पता था,” मी म्हणाले.

त्यांनी होकारार्थी मान हलवली. मग सांगायला लागल्या. आधी एक बारीक रेघ होती, तेव्हा झाडूने पाडली. मग पुन्हा आली. कपाट रिकामं करायला हवं होतं, पण ती भांडी आता त्यांना उचलवत नव्हती. कुणाला बोलवावं तर गल्लीत बातमी होणार, आणि गल्लीतून मुलाला फोन जाणार. मुलगा चार वर्षं एकच सांगत होता: घर विका आणि माझ्याकडे या. “त्याला कारण हवंय,” त्या म्हणाल्या. “मी त्याला कारण कसं देऊ?”

म्हणून त्यांनी खोलीला बाहेरून कडी लावली होती आणि फार गरज पडली तरच आत जायच्या.

मी त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसले. मला त्या क्षणी त्यांचं वागणं इतकं समजलं की वेगळं काही विचारायची गरज वाटली नाही. मीही रेघ पुसून विषय सोडूनच दिला होता की. आणि बहुतेक त्यामुळेच, न ठरवता, मी म्हणाले, “बहनजी, त्या गोळ्या मीच ठेवल्या होत्या. मांजर माझ्यामुळे गेलं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “मालूम है. कठड्यावर रांग दिसत होती. गोळ्या पाहिल्या, मगच तुला विचारायला आले.” मग म्हणाल्या, “बच्चे झूठ बोलते हैं तो कान लाल हो जाते हैं. तुम्हारे भी हो गए थे.”

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही माफी मागितली की नाही, आठवत नाही. आम्ही उठलो आणि भांडी गोळा करायला लागलो.

दोन दिवस लागले. मी एक वस्तू उचलायची, त्या ‘ठेव’ किंवा ‘टाक’ म्हणायच्या. मला मधूनमधून चक्कर यायची, मग मी गाठोड्यावर बसायची. त्या स्वतः बसलेल्याच असायच्या. दोन थकलेल्या बायकांनी खोली रिकामी करायची म्हणजे कामापेक्षा बसणं जास्त. खालच्या फळीवर शाळेचे गटफोटो निघाले, प्रत्येक वर्षाच्या पाचवीचा एक, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले. पुठ्ठा वाळवीने पोखरला होता आणि ओळीच्या ओळी चेहऱ्यांसकट गेल्या होत्या. कुठे नुसते पाय उरले होते. त्यांनी चार-पाच फोटो चाळले. एकावर बोट ठेवून म्हणाल्या, “हा फार बोलायचा.” तिथे चेहरा नव्हता, भोक होतं. मग सगळेच फोटो टाकायच्या ढिगाकडे सरकवले. मी त्यातले जरा बरे असलेले उचलून गच्चीवर उन्हात पसरले. त्यांनी नको म्हटलं नाही.

मध्येच मुलाचा फोन आला. “सफाई कर रही हूँ,” त्या म्हणाल्या. “नहीं, नहीं, अकेली नहीं. पड़ोस वाली है.” फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

सोडाल्याचा माणूस आला. एका दिवशी त्यांचं घर, दुसऱ्या दिवशी पुन्हा आमचं. आमच्याकडे या वेळी थोडीच भोकं होती, पण वासामुळे त्यांच्या घरात राहणं शक्य नव्हतं म्हणून त्या दोन दिवस आमच्याकडे होत्या. माझ्या वरणात मीठ कमी आहे असं पहिल्याच घासाला सांगितलं. मुलीचं हिंदी शुद्धलेखन सुधारलं. आणि दोन्ही दुपारी सोफ्यावर बसल्या बसल्या अशा गाढ झोपल्या की मुलगी मला हळूच विचारून गेली, “मम्मी, त्या ठीक आहेत ना?”

वाळवी गेली. त्या खोलीला लोखंडी कपाट आलं. चार वाजता कधी कधी त्या मला भिंतीवर टकटक करून बोलवायच्या आणि आम्ही त्यांच्या पायरीवर चहा प्यायचो.

दिवाळीला मुलगा आला. चांगला माणूस, मऊ बोलणारा. आल्या दिवशीच त्याने भिंतीच्या पायाशी पांढऱ्या सिमेंटचे ठिपके पाहिले. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तेव्हा पलीकडच्या गच्चीवरून तो माझ्याशी बोलायला आला.

“आंटी, सच बताइए. क्या हुआ था?”

बहनजींनी ओठांवर ठेवलेलं बोट मला आठवलं. त्या उंबऱ्यावर मातीने भरून बसलेल्या होत्या तेही आठवलं. स्टूल थोडं इकडे असतं तर? आणि पुढच्या वेळी मी घरी नसले तर? मी त्याला सगळं सांगितलं. फळ्या, स्टूल, कडीवरून घसरणारी बोटं, सगळं. तो “थैंक यू आंटी” म्हणून खाली गेला.

जानेवारीत तो त्यांना घेऊन गेला. निघताना बहनजी आमच्या अंगणात आल्या. मुलीच्या हातात पाकीट दिलं. माझ्यापाशी थांबल्या आणि इतक्या हळू म्हणाल्या की टॅक्सीपाशी उभ्या मुलाला ऐकू गेलं नसेल.

“इस बार झूठ बोल देतीं, तो चल जाता.”

 गाडी वळेपर्यंत उभी होते, मग आत येऊन पलंगाच्या कडेला बसले. त्या दिवशी मी काहीच केलं नाही. मी बरोबर केलं का, हे यजमानांना विचारलं. ते म्हणाले, “केलंस ते बरोबरच.” मुलगी म्हणाली, “मम्मी, तू फसवलंस त्यांना.” मला दोन्ही पटलं.

आता आठवड्या-दोन आठवड्यांनी त्यांचा फोन येतो. मुलाचा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर आहे. तिथे मुंगीसुद्धा येत नाही, असं त्या सांगतात. सांगताना तक्रार केल्यासारखा आवाज असतो. मी इथल्या मुंग्यांचं सांगते. लिंबाला यंदा किती मोहर आला ते विचारतात. राग धरलाय असं वाटत नाही, पण त्यांच्या मनातलं ओळखण्यात मी आधीही कमी पडले होते.

घर विकलं नाही, एवढं त्यांनी मुलाकडून कबूल करून घेतलं. भाड्याने दिलं. मागच्या महिन्यात सीकरकडचं एक तरुण जोडपं राहायला आलं. किल्ली माझ्याकडे होती, म्हणून घर मीच उघडून दाखवलं. सामान उतरत होतं. सगळी पुठ्ठ्याची खोकी ते सामाईक भिंतीला टेकवून रचत होते.

“भिंतीला लावू नका,” मी म्हणाले. “जरा पुढे ठेवा. पुठ्ठ्याला वाळवी फार लवकर लागते.”

“जी आंटी,” ती तरुणी हसून म्हणाली. नवरा फोनवर होता, त्यानेही मान हलवली.

दोन दिवसांनी ती आमच्याकडे विरजण मागायला आली म्हणून मी वाटी घेऊन तिच्याबरोबर गेले, तर खोकी तिथेच होती, भिंतीला चिकटून, वर आणखी दोन चढवलेली. मी वाटी ओट्यावर ठेवली. तिला पुन्हा एकदा सांगितलं. तिने पुन्हा “जी आंटी” म्हटलं. मग मीच एक खोकं धरून पुढे ओढलं. ते जड होतं. तिने दुसरी बाजू धरली.